नखांकडे बघा, दुखणे वेळीच ओळखा

कष्टकरी माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. हात चालला तर चूल पेटते. त्या हाताच्या टोकाशी असलेल्या नखाकडे मात्र आपले कधी लक्ष जात नाही. ताप आला तर आपण गोळी घेतो, दात दुखला तर लवंग धरतो. नख काळे पडले, जाड झाले, उखडले, तर 'वाढेल पुन्हा' म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ते वाढतेही. पण काही वेळा तेच नख आपल्याला काहीतरी सांगत असते आणि आपण ऐकत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही आमच्या वाचक बंधू-भगिनींसाठी हा विषय घेतला आहे.

आपल्या वरूड भागापुरतेच पाहू. वरूड म्हटले की संत्रा. आंबिया बहाराची तोड हिवाळ्यात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी. बागेत फळ तोडणारा गडी, मंडीत संत्री निवडून पेट्या भरणाऱ्या बाया, शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधणारे मजूर, वावरात पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या मायबहिणी, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, नगरपालिकेची नाली उपसणारे. या सर्वांचे काम बोटांच्या टोकांवर चालते. बोंडाची टोके नखाच्या कडेला बोचतात, माती आत जाते, पाण्याने कातडी भिजून फुगते. आमच्या लोकांना नखांची दुखणी जास्त का होतात, याचे उत्तर आमच्या कामात आहे.

नख म्हणजे काय?

नख हे केराटिन नावाच्या कठीण पदार्थाचे बनते. आपले केसही त्याचेच असतात. जे नख आपण कापतो ते निर्जीव असते, म्हणून कापताना दुखत नाही. नखाचे जिवंत मूळ मागे कातडीच्या आत असते. तेथून नख पुढे सरकत राहते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. पायाचे नख फार सावकाश वाढते. अंगठ्याचे पूर्ण नख नव्याने यायला वर्ष ते दीड वर्ष जाते.

ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुष्कळ उलगडा होतो. मोठ्या तापातून किंवा आजारातून उठलेल्या माणसाच्या नखांवर दोन-तीन महिन्यांनी आडवी खाच दिसते. आजाराच्या दिवसांत नखाची वाढ थबकली होती, त्याची ती खूण. काही लहान मुलांना हातापायांवर व तोंडात फोड येणारा ताप येतो. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी त्यांची नखे सुटून पडतात. आई घाबरते, कुणी 'बाहेरचे' पाहायला सांगते. त्याची गरज नाही. खालून नवे नख येते. नखावरचे लहान पांढरे ठिपकेही बहुधा किरकोळ धक्क्याने पडतात. ठिपके आले की नवे कपडे मिळतात असे मुले म्हणतात. कपडे मिळोत न मिळोत, ठिपके आपोआप पुढे सरकून जातात.

नखुरडे

नखाच्या कडेची कातडी सोलली, काटा बोचला किंवा दातांनी नख कुरतडले की तेथून जंतू आत शिरतात. एक-दोन दिवसांत कड लाल होते, सुजते, ठणका लागतो, रात्री झोप येत नाही. हेच नखुरडे. आपल्याकडे यावर बोटात लिंबू खोचून ठेवण्याची रीत आहे. लिंबाने पू निघत नाही, कातडी मात्र चुरचुरते आणि दोन दिवस वाया जातात.

सुरुवातीलाच कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बोट दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावे, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर कोरडे करून स्वच्छ पट्टी बांधावी. पू भरून पिवळे दिसू लागले तर दवाखान्यात जावे. डॉक्टर छोटासा छेद देऊन पू काढतात आणि ठणका तेथेच थांबतो. घरची सुई, बाभळीचा काटा किंवा ब्लेडने ते फोडू नये. लाली बोटावरून हाताकडे चढत असेल, ताप आला असेल, किंवा रोग्याला मधुमेह असेल, तर एक दिवसही थांबू नये. मधुमेहाच्या रोग्याचे बोट अशाच लहानशा दुखण्यातून कापावे लागते.

सतत ओले हात

नखाच्या मुळाशी कातडीची एक पातळ किनार असते. पाणी आत जाऊ नये म्हणून ती दाराच्या उंबरठ्यासारखी आडवी असते. दिवसभर भांडी, धुणे, सोडा, साबण यात हात राहिला की ही किनार झिजते. मग पाणी आत साचते, बुरशी वाढते, नखाची मागची कड कायम फुगलेली राहते आणि नख लाटालाटांचे, हिरवट-काळसर होते. हे दुखणे महिनोन्‌महिने चालते. भांडी घासणाऱ्या भगिनी, हॉटेलात कपबशा धुणारी पोरे आणि सफाई कामगार यांना ते हमखास होते.

यावरचे पहिले औषध म्हणजे कोरडेपणा. काम झाले की हात पुसावेत, बोटांच्या बेचक्यांसह. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नखांच्या कडेला चोळावे. रबरी हातमोजे मिळत असतील तर आत सुती मोजे घालावेत, नाहीतर घामाने हात पुन्हा भिजतो. सफाई कामगारांना हातमोजे व बूट पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. ती मागताना संकोच करू नये. ती मेहेरबानी नव्हे.

पायाची नखे

पायाचे नख जाड, पिवळे, भुगा पडणारे झाले तर ती बहुधा बुरशी असते. चिखलात काम करणारे, दिवसभर प्लास्टिकचे बंद बूट घालणारे आणि वयस्क माणसे यांना ती जास्त होते. तिच्यासाठी मेडिकलच्या दुकानातून मनाने मलम आणू नये. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज चार दिवस थांबते आणि बुरशी मात्र पसरते. गजकर्ण हटेनासे होते ते पुष्कळदा यामुळेच. डॉक्टर नखाचा थोडा भुगा तपासून खात्री करतात, कारण सोरायसिस नावाच्या आजारातही नख असेच जाड होते आणि त्यावर बारीक टोचल्यासारखे खड्डे पडतात. सोरायसिस संसर्गाचा नाही. त्या रोग्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही.

बुरशीच्या गोळ्या हाताच्या नखाला साधारण सहा आठवडे, तर पायाच्या नखाला बारा आठवडे घ्याव्या लागतात. यकृताची तपासणीही डॉक्टर सांगतात. गोळ्या संपल्या तरी नख लगेच स्वच्छ दिसत नाही. खराब नख पुढे सरकून जाईपर्यंत वर्ष लागते. 'गुण आला नाही' म्हणून अर्ध्यावर औषध सोडणारे फार. त्यांनी नखाची वाढ किती मंद असते ते आठवावे.

दुसरे दुखणे म्हणजे अंगठ्याचे नख मांसात रुतणे. नख कोपऱ्यातून गोल व खोल कापले आणि वरून आवळ बूट घातला की कोपरा मांसात शिरतो. पायाचे नख नेहमी सरळ कापावे, कोपरे राहू द्यावेत. रुतले असेल तर कोमट पाण्याचा शेक घ्यावा आणि पायाला मोकळी चप्पल घालावी. पू होत असेल तर दवाखान्यात बोट बधिर करून नखाची कड काढतात.

बोटाच्या बधिरपणाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो. बोटाला चटका बसला तरी कळत नसेल, कातडीवर फिक्कट बधिर चट्टा असेल, नखे झिजत-तुटत असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो, बोटे शाबूत राहतात. लपवण्यासारखे यात काही नाही.

फवारणी करणाऱ्यांनी हे वाचावेच

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. त्या विषाची मोठी लक्षणे सर्वांना ठाऊक झाली. नखांवरची खूण फारशी कुणाला ठाऊक नाही. पॅराक्वाटसारखे तणनाशक उघड्या हाताने कालवले, किंवा गळका पंप वापरला, तर नखांवर पांढरे-पिवळे आडवे पट्टे पडतात, नख मऊ होऊन उखडते. बागेत तणनाशक मारणाऱ्या गड्याची नखे अशी दिसू लागली तर विष हातावर सांडत आहे हे समजावे. पंप दुरुस्त झाल्याखेरीज आणि हातमोजे मिळाल्याखेरीज फवारा उचलू नये. औषध काडीने ढवळावे, हाताने नव्हे.

नख अंगातले सांगते

जुने वैद्य असोत की आजचे डॉक्टर, रोग्याचा हात हातात घेतला की नख पाहतात. कशासाठी, ते आपणही शिकून घेऊ.

नख फिक्कट, पातळ आणि मध्ये खोलगट, चमच्यासारखे झाले असेल, इतके की पाण्याचा थेंब ठेवला तर तो थांबून राहतो, तर अंगात लोह कमी असल्याची ती खूण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक! घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी आमची माय त्यात आहे, हे सांगायला पाहणीची गरज नाही. लहान मुलांच्या नखांखालच्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. काही जंत आतड्यातले रक्त पितात आणि रक्तक्षय वाढतो. शाळेत व अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती मुलांना अवश्य घेऊ द्यावी.

लोहासाठी महागडे टॉनिक लागत नाही. हरभऱ्याची भाजी, चवळी, मेथी, तीळ, आणि खाणाऱ्यांच्या घरी कलेजी, सुकट चालते. जेवताना संत्रे किंवा लिंबू घेतले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. वरूडकरांना संत्र्याचे महत्त्व सांगायला नको. पण पेट्या भरणाऱ्या बाईच्या ताटात एक फोड जावी एवढे आम्ही नक्की सांगू. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोह अडते. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. त्याने शौच काळी होते, त्यात घाबरण्याजोगे काही नाही.

मात्र एक सावधगिरी. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. त्यातही रोगी फिक्कट दिसतो, पण तो लोहाच्या कमतरतेने नव्हे. म्हणून लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालवण्याआधी रक्त तपासून घ्यावे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे. लग्न जुळवताना पत्रिकेऐवजी दोन्ही मुलांची ही तपासणी पाहिली तर पुढच्या पिढीवर उपकार होतील.

दुसरी खूण बोटांच्या टोकांची. टोके फुगीर होतात आणि नख घड्याळाच्या काचेसारखे बाकदार होते. हे फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या जुन्या आजारात दिसते. याची परीक्षा घरी करता येते. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखे एकमेकांना पाठीला पाठ लावून धरा. निरोगी माणसाच्या दोन नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. फट दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवा. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी स्वतःच्या आजारात स्वतःच्याच बोटांवर हे टिपले आणि १९७६ साली ते जगापुढे मांडले. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची बोटे या रीतीने एकदा पाहावीत.

नखे निळसर दिसत असतील आणि धाप लागत असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. सगळी नखे पांढरीफटक पडून टोकाशी तेवढी तांबूस पट्टी राहिली असेल तर यकृताची तपासणी करावी.

नखाखाली मार लागून रक्त साकळले तर तो काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो व निघून जातो. आपल्या सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेघाही असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी काळी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, पुढे सरकेना, किंवा काळेपणा कडेच्या कातडीवर उतरला, तर तो कर्करोग असू शकतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली असाच कर्करोग निघाला. पुढे तो अंगभर पसरला आणि १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

शेगावची नखे

एकट्याचे नख बिघडले तर ते त्याचे दुखणे. गावातल्या अनेकांची नखे एकदम बिघडली तर? हे आपल्या वऱ्हाडातच घडले आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील बायामाणसांचे, मुलांचे केस अचानक गळू लागले. चार दिवसांत टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय गेला. तपासणी पथके आली, नमुने गेले. मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातील काही लोकांची नखे विद्रूप होऊन गळू लागली. नख सावकाश वाढते, हे वर सांगितलेच आहे. मुळाशी झालेली इजा वर यायला तेवढे महिने लागले.

रोग्यांच्या अंगात सेलेनियम नावाचे द्रव्य जास्त आढळले. शरीराला ते अगदी कणभर लागते. जास्त झाले की केस व नखे गळतात. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागातही १९६० च्या दशकात असेच झाले होते. तेथील माती व मक्यातून सेलेनियम पोटात जाऊन गावेच्या गावे केस-नखांना मुकली होती.

शेगावच्या त्या गावकऱ्यांवर काय प्रसंग आला असेल याचा विचार करा. बाजारातला गहू परवडणाऱ्याला पर्याय असतो. रेशनवर जगणाऱ्याला नसतो. लोक त्या गावांशी बोलताना बिचकू लागले, सोयरीक करायला घाबरू लागले. वास्तविक सेलेनियमचा संसर्ग होत नाही. दोष खाण्यात असेल तर तो खाणाऱ्याचा नव्हे. म्हणून आम्ही म्हणतो, वस्तीत दोन-चार घरांत एकाच वेळी नखे-केस बिघडू लागले तर कुणाची करणी शोधू नका. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, पाण्याचा आणि धान्याचा नमुना तपासायला लावा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

एवढे कराच

नखे आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर मऊ असताना कापावीत. घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याचे ब्लेड वापरणे टाळावे. नेलकटर एकच असेल तर साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून द्यावे. मधुमेह्यांनी रोज रात्री पायाची बोटे उजेडात पाहावीत. नजर अधू असेल तर नातवंडांना पाहायला सांगावे. दवाखान्यात जाताना नखांचे पॉलिश पुसून जावे. डॉक्टरांना नख दिसले पाहिजे, आणि बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्रही पॉलिशवरून चुकते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वरूडला भागले नाही तर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात चिठ्ठी घेऊन जाता येते. एका दिवसाची मजुरी बुडते हे आम्ही जाणतो. पण बोट गेले तर सगळ्याच दिवसांची बुडते.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत भगिनींनी एकमेकींचे हात उजेडात धरून पाहावेत. खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटांचा. चमच्यासारखे नख, ओल्याने फुगलेली कड, सरकत नसलेली काळी रेघ, यांपैकी काही दिसले तर त्या भगिनीसोबत दवाखान्यापर्यंत कुणीतरी जावे. एकटी बाई दवाखान्यात जायचे टाळते. सोबत मिळाली की ती जाते.